बोटी नको, फक्त शोरबा

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रस्त्यावरचे, दुसरे डोंबिवलीकडून कल्याण-शीळ रस्त्याला लागताना येणारे. रमजानात पहिल्या मानपाड्यातली मंडळी इफ्तारच्या सामानासाठी राबोडीकडे वळतात, दुसऱ्यातली शीळफाट्यावरून कौसा-मुंब्र्याकडे. वाटा वेगळ्या असल्या तरी संध्याकाळी घरी येणाऱ्या पिशव्यांत जिन्नस बहुधा तेच असतात: खजूर, फळे, सरबताची बाटली, खिमा, नळीचे मटण आणि कोणाला आवडते म्हणून पाव किलो कलेजी.

घोडबंदरच्या मानपाड्यात एका इमारतीत एक गृहस्थ राहतात. वय पन्नाशीपलीकडे, मूळचे कल्याणचे कोकणी मुसलमान. इमारतीतली पोरे त्यांना मामू म्हणतात. गेल्या रमजानात आठव्या रोज्याला भाच्याच्या घरी दावत होती. खजुराने रोजा सुटला, मगरिबची नमाज झाली आणि दस्तरखानावर निहारी, खमिरी रोटी आणि तव्यावरची कलेजी आली. मामूंचा पाय वर्षभरापूर्वी एकदा सुजला होता आणि डॉक्टरांनी युरिक अॅसिड वाढल्याचे सांगितले होते. म्हणून त्यांनी परहेज केले. "बोटी नको, फक्त शोरबा दे," म्हणत दोन वाट्या शोरबा घेतला. भाची म्हणाली, "मामू, एवढी कलेजी तरी घ्या, खास तुमच्यासाठी केलीय." तिचे मन मोडू नये म्हणून चार तुकडे घेतले. दिवसभराचा घसा कोरडा होता, त्यात सरबताचे तीन ग्लास गेले. शेजारी मसुराची डाळ होती, तिला मात्र हात लावला नाही. डाळीने युरिक अॅसिड वाढते, असे त्यांना कोणीतरी बजावले होते.

रात्री दोनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला की अंगावरची चादर लागली तरी सहन होईना. सेहरीला घरात पडून असलेली दुखण्याची गोळी घेऊन त्यांनी रोजा धरला. पुढचे चार दिवस तरावीह खुर्चीवर बसून झाली. मशिदीत एकाने चेष्टेत विचारले, "मामू, बाटली वगैरे नाही ना?" इमारतीतल्या एकाने सल्ला दिला, "तुमच्यात मटण फार. सोडून द्या, होईल बरे." मामू दोघांनाही काही बोलले नाहीत.

हे घर मामूंचे असले तरी हा प्रसंग त्यांच्या एकट्याचा नाही. रमजानात असे अंगठे बऱ्याच घरांत सुजतात आणि बऱ्याच घरांत परहेजही होते. ते नेमके नको त्या गोष्टीचे होते, ही खरी अडचण आहे.

गाऊटमध्ये शरीरात काय घडते, ते आधी समजून घ्यायला हवे. प्युरीन हे काही विष नाही. प्रत्येक सजीव पेशीतल्या डीएनए आणि आरएनएचा तो घटक आहे. शरीरातल्या जुन्या पेशी रोज मरतात, त्यांतले प्युरीन मोडते आणि शेवटी युरिक अॅसिड उरते. शरीरातल्या एकूण युरिक अॅसिडपैकी साधारण दोन तृतीयांश असे आतच तयार होते. ताटातून येणारा वाटा उरलेल्या एक तृतीयांशाचा. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे एन्झाइम असते, ते या अॅसिडचा पुढे निचरा करते. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावले. त्यामुळे माणसाची सगळी भिस्त मुख्यतः मूत्रपिंडांवर आहे. रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त युरिक अॅसिड झाले की ते विरघळलेले राहू शकत नाही आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. पायाचा अंगठा हा शरीराचा तुलनेने थंड भाग, म्हणून साखळी अनेकदा तिथूनच सुरू होते. एखाद्या रात्री शरीराच्या पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडतात, आणि तो अंगठा लाल होऊन सुजतो.

दारूने, विशेषतः बिअरने, गाऊट बळावतो हे खरे. पण ज्याने आयुष्यात थेंबही घेतला नाही, त्यालाही तो होतो. बहुतेक रुग्णांत मूळ दोष असतो तो युरिक अॅसिड बाहेर टाकण्याच्या क्षमतेत, आणि ती क्षमता बऱ्याच अंशी घराण्यातून आलेली असते. त्यात वाढलेले वजन, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांची भर पडते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांनाही तो गाठतो. शुद्ध शाकाहारी घरांतही गाऊटचे रुग्ण आहेत. त्यामुळे मशिदीतली बाटलीची चेष्टा आणि इमारतीतला मटणाचा टोमणा दोन्ही अज्ञानातून आलेले आहेत. त्यांचा परिणाम मात्र एकच होतो. माणूस दुखणे लपवतो, लंगडत्या पायाला "जरा मुरगळला" म्हणतो आणि डॉक्टरकडे जायचे टाळतो.

तसे पाहिले तर हा आजार सगळ्यांचा जुना ओळखीचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातशोणितावर स्वतंत्र अध्याय आहे आणि तिथे त्याचे एक नाव आढ्यवात असे दिले आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. युनानी वैद्यकात तो नकरिस. इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये सांधेदुखीबरोबर त्याची चर्चा आहे. युरोपात त्याला राजेरजवाड्यांचा रोग म्हणत. एके काळी रोज मांस आणि गोड खाणे श्रीमंतालाच परवडत होते, म्हणून ही नावे पडली. आज रिक्षा चालवणाऱ्यालाही ते रोज परवडते, निदान रमजानात तरी. आढ्यांचा रोग आता सगळ्यांचा झाला आहे.

आता ताटाकडे वळू या. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांत गाऊटचा धोका वाढलेला दिसला. दूध-दही, विशेषतः कमी स्निग्धांशाचे, घेणाऱ्यांत तो कमी होता. आणि डाळी, वाटाणे, पालक, फ्लॉवर, मशरूम यांसारख्या प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी धोका वाढल्याचे दिसले नाही. तरीही इथल्या घराघरांत युरिक अॅसिड म्हटले की पहिली बंदी येते ती डाळ, पालक आणि टोमॅटोवर. मामूंनी मसुराच्या डाळीला हात लावला नाही तो त्याच समजुतीने.

आकडे पाहिले की फरक कळतो. जपानमध्ये अन्नपदार्थांतील प्युरीनची बारकाईने मोजदाद झाली आहे आणि तिथले तज्ज्ञ गाऊटच्या रुग्णाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. १०० ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत सुमारे ३१० मिलिग्रॅम प्युरीन असते. तारलीत सुमारे २१०. साध्या मांसात, मग ते बकऱ्याचे असो वा कोंबडीचे, साधारण १०० ते १५० धरायला हरकत नाही. लहान मासे वाळवले की पाणी उडते आणि प्युरीन दाटते, त्यामुळे १०० ग्रॅममागे आकडा ७००च्या वर जातो. सुके मासे भाकरीबरोबर खाणाऱ्या कोकणी घरांनी हे लक्षात ठेवावे. पालक, फ्लॉवर पन्नासच्या आसपास, भात त्याच्या निम्म्यावर. अंडी आणि दूध जवळजवळ शून्य. कोरड्या मसुरात शंभराच्या आसपास प्युरीन असते, आणि तक्त्यातला तो आकडा वाचून लोक घाबरतात. पण वाटीभर वरणात कोरडी डाळ असते जेमतेम २५-३० ग्रॅम. कलेजी मात्र एका बैठकीत दीडशे ग्रॅम सहज खाल्ली जाते.

आणि शोरबा? मामूंची सगळ्यात मोठी फसगत इथेच झाली. प्युरीन पाण्यात विरघळते. मांस पाण्यात उकळत राहिले की बोटीतले बरेचसे प्युरीन रश्श्यात उतरते. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते. यखनीचे तर कामच मांसाचा अर्क पाण्यात काढण्याचे. बोटी बाजूला ठेवून वाट्या-वाट्या शोरबा पिणारा माणूस ज्या पदार्थाला घाबरतो, तोच घोटाघोटाने पीत असतो. त्याच्यासाठी हिशोब उलटा आहे: दोन बोट्या खाव्यात आणि रस्सा ठेवून द्यावा. खिचडा आणि हलीम यांत तर मांस, गहू, डाळ सगळे घोटून एक झालेले असते, काहीच टाकले जात नाही. तिथे उपाय एकच, वाटी लहान घ्यायची आणि दुसऱ्यांदा भरायची नाही.

सरबताबद्दल तर कोणाला शंकाच येत नाही, कारण त्यात मांस नसते. प्युरीनही नसते. पण साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि यकृतात फ्रुक्टोज मोडताना शरीराचेच प्युरीन खर्ची पडून युरिक अॅसिड वाढते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००८ साली आलेल्या अभ्यासात, रोज दोन किंवा जास्त साखरेची शीतपेये पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका महिन्यातून एकदाही न पिणाऱ्यांच्या तुलनेत ८५ टक्क्यांनी जास्त आढळला. लाल सरबत काय, बाटलीतले कोला काय किंवा डब्यातला फळांचा रस काय, यकृताला साखर ती साखरच. दोन-तीन खजुरांनी रोजा सोडण्यात गाऊटच्या रुग्णाला अडचण नाही. मधुमेह असेल तर तो हिशोब वेगळा. पण त्यानंतर हात जायला हवा पाण्याच्या तांब्याकडे.

पाणी हा रमजानातला कळीचा मुद्दा आहे. हल्लीच्या रमजानात इथला रोजा तेरा तासांच्या आसपास असतो. तेवढा वेळ पाणी नसले की लघवी दाट होते आणि युरिक अॅसिड बाहेर पडायला अवघड जाते. निरोगी मूत्रपिंडे हे निभावून नेतात. गाऊट असलेल्याने मात्र इफ्तारपासून सेहरीपर्यंत आठ-दहा ग्लास पाणी थोडे थोडे करून पोटात जाईल, असे पाहावे. इफ्तारला दोन, तरावीहच्या आधी-नंतर मिळून चार, झोपताना एक, सेहरीला दोन. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्याने पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांनी दिलेलाच आकडा पाळावा. सेहरीला कालची निहारी गरम करण्यापेक्षा अंडी-पोळी, दही-भात, तांदळाच्या भाकरीबरोबर भाजी आणि एक ग्लास ताक हे जेवण अंगठ्याला जास्त मानवते.

म्हणून सगळा दोष रोज्याला देणे योग्य नाही. दिवसाची उपासमार जेवढी दिसते, तेवढे रात्रीचे ताट दिसत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाऊटच्या रुग्णांचे झटक्याआधीच्या दोन दिवसांतले खाणे तपासले. ज्या दोन दिवसांत प्युरीन सर्वांत जास्त पोटात गेले, त्यानंतर झटक्याचा धोका सर्वांत कमी खाल्लेल्या दिवसांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट होता. लागोपाठ दोन दावतींचे गणित रुग्णाने यावरून मांडावे.

पण ताटाला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच त्याचे मर्यादेतले स्थानही सांगायला हवे. कितीही कडक परहेज केले तरी रक्तातले युरिक अॅसिड साधारण एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. ज्याचे ९ आहे, त्याचे ८ होईल. वारंवार झटके येणाऱ्याला ते ६च्या खाली ठेवायचे असते, आणि तिथे गोळीच लागते. अॅलोप्युरिनॉलसारखी युरिक अॅसिड कमी करणारी गोळी बहुतेकांना दिवसातून एकदा घ्यायची असते. ती इफ्तारनंतर घेता येते, रोजा आड येत नाही. तरी रमजान लागला की अनेक जण "महिनाभर राहू दे" म्हणून ती बंद करतात आणि मधल्या रोज्यांत पाय धरून बसतात. गोळी नव्याने सुरू करताना पहिले काही आठवडे उलट झटका येऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने रमजानच्या पुरेशी आधी सुरू केलेली बरी. अंगावर पुरळ उठले तर मात्र ती लगेच थांबवून दवाखाना गाठावा. उलट, तपासणीत नुसता आकडा जास्त निघाला आणि कधी सांधा सुजलाच नाही, अशा बहुतेकांना गोळीची गरज नसते. त्यांनी घाबरून डाळ सोडण्याची तर मुळीच नाही.

यापेक्षा घातक सवय म्हणजे सेहरीला मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेऊन तेरा तास पाण्याशिवाय काढणे. मामूंनी तेच केले. आटलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि ज्या अवयवावर युरिक अॅसिड बाहेर काढण्याची भिस्त, त्यालाच दुखावतात. हकिमांकडच्या सुरंजानचेही तसेच. ती नुसती जडीबुटी म्हणून हिणवण्यासारखी नाही. त्याच कुळातल्या कंदापासून कोल्चिसिन मिळते, १८२० साली फ्रान्समध्ये ते वेगळे काढले गेले आणि गाऊटच्या झटक्यावर डॉक्टर आजही ते देतात. पण त्याची औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. शेजाऱ्याने दिलेली पुडी अंदाजाने घेण्याची ही वस्तू नव्हे.

झटका आलाच तर रोज्याचे काय? कुरआनच्या सूरह बकरामधील १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलून इतर दिवशी पुरा करण्याची सवलत स्पष्ट आहे. ज्याला पुढेही शक्य होणार नाही, त्याच्यासाठी फिद्याचा मार्ग आहे. अंगठा पेटलेला असताना दिवसभर पाणी न पिता, वर मूत्रपिंडाला जाचणारी गोळी घेऊन रोजा रेटणे याला अनेक जण ईमानाची ताकद समजतात. घरची मंडळीही कौतुक करतात. पण सवलत ज्याने दिली, त्याने ती आजारी माणसासाठीच दिली आहे. ती घेताना लाजणे म्हणजे देणाऱ्यापेक्षा स्वतःला शहाणे समजणे. कोणता रोजा धरावा आणि कोणता सोडावा, हे डॉक्टर आणि आलिम या दोघांना विचारून ठरवावे, मशिदीच्या पायरीवरच्या गप्पांतून नव्हे.

मात्र हा सगळा भार आजारी माणसाच्या जिभेवर टाकून मोकळे होणे बरे नाही. दस्तरखान मांडणाऱ्याचीही जबाबदारी आहे. रोजेदाराला इफ्तार देण्याचे सवाब मोठे मानले जाते, म्हणून तर इमारतीतल्या घरांपासून मशिदीच्या आवारापर्यंत आणि पक्षांच्या मंडपांपर्यंत सगळीकडे दावती होतात. त्यांत सरबताचे पिंप दर्शनी जागी असते आणि पाणी मागावे लागते. ताटात कलेजी न विचारता पडते. "एवढी तरी घ्या" हा आग्रह प्रेमाचा खरा, पण भाचीने प्रेमाने वाढलेल्या त्या चार तुकड्यांची किंमत मामूंनी चार रात्री मोजली. पाहुण्याचे 'नको' पहिल्याच वेळी ऐकणे हीसुद्धा मेहमाननवाजी आहे. मधुमेही, रक्तदाबवाले, गाऊटवाले आता प्रत्येक दावतीत असतात. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. घरातल्या बायकांवर रमजानात आधीच दोन वेळच्या चुलीचा बोजा असतो. पाण्याचे तांबे सरबताच्या आधी फिरवावेत. डाळ, दही, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, अंड्याचा एखादा प्रकार दस्तरखानाच्या मधोमध असावा, कोपऱ्यात नव्हे. कलेजी ज्याला हवी त्याने उचलून घ्यावी. यात खर्च वाढत नाही, झाला तर कमीच होतो.

कोणी म्हणेल, वर्षातून एक महिना येतो, त्यातही हिशोब करायचा? पण हा महिना हिशोबाचाच आहे. पहाटेची वेळ मिनिटावर पाळली जाते, जकातीची रक्कम पैशापर्यंत काढली जाते. मग वाटीतल्या रश्श्याचा हिशोब तेवढा जड का व्हावा? जिभेला दिवसा आवरायचे आणि रात्री मोकळे सोडायचे, हा रोज्याचा हेतू कधीच नव्हता.

मामूंनी या रमजानच्या दीड महिना आधी रक्त तपासून घेतले. डॉक्टरांनी दिलेली गोळी ते इफ्तारनंतर घेतात. परवाच्या दावतीत त्यांनी दोन बोट्या घेतल्या, शोरबा ठेवला आणि वाटीभर मसुराची डाळ मागून घेतली. भाचीने कलेजीचे भांडे पुढे केले, मग स्वतःच मागे घेतले. ईदनंतर सव्वादोन महिन्यांनी बकरी ईद येईल आणि त्या दिवशी घरोघरी सगळ्यांत आधी शिजेल ती कलेजीच. तेव्हाही असेच भांडे मागे घेणारे कोणीतरी प्रत्येक घरात असायला हवे.